झाकणाचे दोन फोटो

बुडालेल्या जहाजांचे फोटो काढणं हा माझा धंदा, आणि घरात समुद्राचं नाव काढलं की बाबा उठून जायचे. तेच बाबा दवाखान्याच्या खाटेवरून म्हणाले, "आमच्या जहाजावर उतरणारच आहेस, तर माझ्या झाकणाचा फोटो काढून आण."

ते झाकण घरात सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कोणी नव्हतं. बाबा नौदलात होते. लढाईत जहाजाला भगदाड पडलं, खालच्या खोलीत पाणी शिरलं आणि हुकूम आला म्हणून बाबांनी वरून पोलादी झाकण लावून खिट्ट्या आवळल्या. खाली तिघं होते. जहाज तरीही बुडालं, पण जरा उशिरा, म्हणून बरेच जण वाचले. बाबाही. झोपेत ते त्या तिघांना हाका मारायचे.

मी आणि बेडूक उतरलो. बेडूक म्हणजे माझा जोडीदार. पाण्याबाहेर त्याला धड चालताही येत नाही. नव्वद मीटर खाली दिवसाही मिट्ट काळोख. तो दिवा धरतो, मी कॅमेरा. गाळ उडू नये म्हणून पाय न हलवता बोटांनी स्वतःला ओढत न्यायचं. बाबांनी सांगितलं होतं तिथेच, तोफेच्या मागे, झाकण सापडलं. बंद. आठही खिट्ट्या घट्ट. फोटो काढला. थोडं पुढे दुसरं एक झाकण होतं, सताड उघडं. त्याचाही काढला.

वर येताना दोरीला धरून तासन्‌तास थांबावं लागतं, नाहीतर रक्तात बुडबुडे होऊन माणूस जातो. तेवढ्या वेळात माझं ठरलं. बोटीवर बेडकाला सांगितलं, तर तो भडकला. "जे आहे ते दाखव. नसता शहाणपणा कशाला?"

"बाप माझा मरतोय की तुझा?" मी खेकसले. तो सिलिंडर पुसायला लागला.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या हातात उघड्या झाकणाचा फोटो दिला. "बघा, उघडं आहे. निघाले असतील हो ते तिघं."

"उघडं?" त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "म्हणजे माझ्या हातून लागलंच नाही. हात कापत होते गं तेव्हा. खिट्ट्या बसल्या की नाही, एवढंच बघायचं होतं मला. ते तिघं तर गेलेच. बसल्या असत्या, तर बाकीच्यांसाठी तरी गेले असते."

अरे देवा! मी काय करून बसले! पिशवी उलटीपालटी करून खरा फोटो त्यांच्यापुढे धरला. "बाबा, हे तुमचं झाकण! ते दुसरंच होतं, मी खोटं बोलले. आईशप्पथ! आठही आवळलेल्या आहेत, मोजा ना! हवं तर बेडकाला विचारा."

"तो तुझाच माणूस."

त्यांनी मोजल्या नाहीत. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, लहानपणीही कधी फिरवला नव्हता तसा.

"किती जपशील गं बापाला," ते म्हणाले आणि तो फोटो मला परत दिला.