वाकड्या दाराचा इन्क्युबेटर

मित्रांनो, माझं दार खांद्याने ढकलल्याशिवाय लागत नाही, त्यावरून माझ्या वयाचा अंदाज करा. मी प्रयोगशाळेतला एक जुना इन्क्युबेटर, म्हणजे उबेचं कपाट आहे. माणसाच्या रक्तातल्या पहारेकरी पेशी काचेच्या बशीत घालून माझ्या पोटात ठेवतात. मी त्यांना अंगाइतकी ऊब देतो.

माझ्या उमेदीच्या काळात इथल्या प्रमुख बाई पाहुण्यांना सांगायच्या, "हा कधी दगा देत नाही." ते ऐकून मी इतका फुलायचो, की तापमान सांभाळणं मला जड जायचं.

मग शेजारी चकचकीत नवा इन्क्युबेटर आला. संशोधन करणारी ताई एक परजीवी अंगभर कसा पसरतो, याच्या मागे लागली होती. हा इवलासा जीव पहारेकरी पेशीच्या आतच बिऱ्हाड करतो. निरोगी पेशींना त्याची लागण नको, म्हणून त्या नव्याकडे ठेवल्या आणि लागण झालेल्या माझ्याकडे.

सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर माझ्याकडच्या पेशी सैरावैरा धावत होत्या. नव्याकडच्या आपापल्या जागी निवांत होत्या.

"बाई, हा म्हातारा त्यांना भाजतोय," ताई रडकुंडीला आली. "माझं सगळं काम पाण्यात गेलं. भंगारात काढा याला."

मला फार वाईट वाटलं. म्हातारपण मान्य होतं, पण न केलेल्या गुन्ह्याचं खापर सोसवत नव्हतं.

"काढू की," बाई म्हणाल्या. "पण आधी दोघांच्या बश्या अदलाबदल करून बघ."

"नव्यात लागण पसरली तर?"

"बश्या झाकलेल्या आहेत ना? नंतर पुसून घेऊ आतून."

दुसऱ्या दिवशी ताईने आधी माझ्याकडची बशी पाहिली. निरोगी पेशी शांत होत्या. मग नव्याकडची पाहिली. तिथे पळापळ चालली होती. ताईने दोन्ही बश्या पुन्हा एकदा तपासल्या.

"म्हणजे यांना आतला परजीवी पळवतोय?"

"पहारेकऱ्याच्याच खांद्यावर बसून चोर गावभर फिरतोय," बाई हसल्या. "हेच शोधत होतीस ना? सापडलं की मग."

माझा जीव भांड्यात पडला. ताईने माझ्या दाराचं झिजलेलं रबर बदलून घेतलं आणि पत्र्यावरून हात फिरवत म्हणाली, "चुकलं रे म्हाताऱ्या."

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा. आणि कुणी एकाएकी विचित्र वागू लागलं, तर घराला बोल लावण्याआधी त्याच्या आत कोण शिरलंय ते पाहा. माझं दार अजून वाकडंच आहे. पण ताई आता ते खांद्याने हळूच ढकलते.