नव्या कार्डाची पन्नास मिनिटं

मी घरी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. उमरग्याच्या आरिफभाईंनी कॉम्प्युटरला नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, पण जुन्यावर चाळीस मिनिटांत निघणारा व्हिडिओ नव्यावर पन्नास मिनिटं घेऊ लागला. खोकं नवं दाखवून आत कुणाचं तरी वापरलेलं कार्ड घातलं असणार. उद्या एका लग्नाची ऑर्डर द्यायची होती. मी त्यांना बोलावलं आणि त्यांच्या हातांवरच नजर ठेवली.

त्यांनी कॉम्प्युटरवरचं दुपटं उचललं. "ताई, ह्याला थंडी वाजते का?"

"पोरगी ह्याच्या पंख्यात बोटं घालते, म्हणून झाकलंय."

"जुनं कार्ड कमी तापायचं, म्हणून दुपट्याखाली खपून गेलं. ह्याला लई हवा लागते. तापलं की मंद होतं."

दुपट्याशिवाय तोच व्हिडिओ बारा मिनिटांत निघाला. आता पंखा उघडा, म्हणून मी लेकीला कडेवर घेतलं; तरीही खोक्यावरचा नंबर कार्डावरच्या नंबराशी ताडून पाहिलाच.