निळ्या पिंपाचा वळसा

मित्रांनो, मी एक जुना रोलर आहे. रोलर म्हटल्यावर रस्ता दाबणारं ते पिवळं धूड तुमच्या डोळ्यांपुढे आलं असेल, तर ते आधी बाजूला सारा. मी म्हणजे दीड फूट लांबीचं एक लोखंडी नळकांडं. भिवंडीतल्या कामतघरला, बंद पडलेल्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, एका शेडमध्ये माझा मुक्काम असतो. आयुष्यात मी किती फेरे मारले त्याची गणतीच नाही. पण पुढे म्हणाल, तर वीतभरही सरकलो नाही. फिरायचं आणि तिथल्या तिथे राहायचं, हेच माझ्या कपाळी लिहिलेलं. तुम्ही ऐकायला आलात, बरं वाटलं. एरवी माझं ऐकायला पालीशिवाय कोण येतंय!

माझा जन्म लेथवर झाला. तिथून मी थेट काळूरामशेठच्या लूमवर चढलो. शेठ इथलेच भूमिपुत्र. बापजाद्यांची शेतं गेल्यावर त्यांनी चार लूम टाकले होते. दिवसभर खटखट, रात्रभर खटखट, बारा तासांच्या दोन शिफ्ट. विणलेलं कापड माझ्या अंगावर गुंडाळलं जायचं. कारीगर त्यावरून हात फिरवून म्हणायचे, "शेठ, एकदम सीधा माल है." ते ऐकून मला कोण आनंद व्हायचा! सरळ चालणं हा माझा मोठा अभिमान होता. त्याच अभिमानाने पुढे एका पोरीचा घात करायची वेळ आणली. सांगतो, सगळं सांगतो.

पुढे मंदी आली. एकेक लूम थंडावला. एक दिवस भंगारवाल्याचा टेंपो दाराला लागला आणि चारही लूम गेले. जानू फिटरने आम्हा तीन रोलरांना तेवढं बाजूला काढलं. "राहू द्या शेठ, कशाला तरी लागतील," म्हणाला. फिटरच्या जातीला कुठलीच वस्तू टाकवत नाही. त्यानंतर चार वर्षं आम्ही कोपऱ्यात गंजत पडलो. कुणी ढुंकून पाहिलं नाही.

शेठना एकच मुलगी, करिष्मा. राहनाळच्या एका गोदामाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर माल चढवण्या-उतरवण्याच्या नोंदी करते. तिने आपल्या पगारातून एक वापरलेली रेसर सायकल घेतली. बारीक टायर, खाली वळलेलं हँडल. शेठ बघून म्हणाले, "ही काय सायकल हाय? एडक्याची शिंगां लावल्यासारखी!" बोलले गमतीने, पण तोंडावर हसू नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी नाक्यावर एका कंटेनरच्या मागच्या टोकाने त्यांना सायकलसकट उडवलं होतं. तेव्हापासून डावा पाय ओढत चालतात. सायकल आणि रस्ता हे दोन शब्द एकत्र ऐकले की ते कानांवर हात ठेवतात.

पहिल्याच दिवशी करिष्मा टेमघरपर्यंत जाऊन आली. झालं! शेठनी अन्न सोडलं. साखरेचा आजार असलेला माणूस, तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडला. पोरगी घाबरली. तिने स्वतःच सायकल शेडमध्ये आणून खिडकीच्या गजाला लावली. शेठनी साखळी घालून कुलूप ठोकलं आणि किल्ली गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवली.

पण बापाचं काळीज ते! पोरगी रोज संध्याकाळी ड्युटीवरून यायची आणि बांधलेल्या सायकलवर नुसती बसून राहायची. ते त्यांना बघवेना. त्यांनी जानूला बोलावणं धाडलं. जानूने मोबाइलवर एक यंत्र पाहिलं होतं. त्याने लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा जोडला, त्यात आम्हा तिघांना दीड फुटावर कापून बसवलं आणि मला मागच्या भावाशी जोडायला जुन्या मोटरचा पट्टा आवळला. सायकलचं पुढचं चाक माझ्यावर, मागचं चाक माझ्या दोन भावांच्या मधे. पायडल मारलं की चाकं फिरतात, आम्ही फिरतो, आणि सायकल जागच्या जागी. शेठ खूश झाले. "आता चालव किती चालवायची ती," म्हणाले. "पण उंबरठ्याच्या आत." रोज ते स्वतः कुलूप काढायचे, आणि ती उतरली की पुन्हा ठोकायचे.

मित्रांनो, माझ्यावर सायकल चालवणं सोपं नव्हे. हँडल जरासं वळलं की चाक सटकतं आणि माणूस जमिनीवर. पहिले दीड महिने करिष्मा खिडकीचा गज धरून चालवायची आणि तरीही पडायची. कोपरं सोलली, गुडघे काळेनिळे झाले. मी तिच्या हातांना रोज एकच धडा देत होतो: वळू नकोस. वळलीस की पडलीस. पोरगी हुशार, धडा हाडामासात मुरला. वर्षाच्या आत ती हात सोडून चालवू लागली, चालवता चालवता पाणी पिऊ लागली. शेठ पाहुण्यांना शेडमध्ये आणून दाखवायचे, "माझी पोर रोज तीस किलोमीटर मारते, पण पायाला धूळ न्हाय!" आणि त्यांची बायको द्रौपदी दारातून म्हणायची, "कोंबडीला पण सांजेला खुराड्यात घालतात, दिवसभर तरी मोकळी असते बिचारी."

करिष्मा हसायची नाही. दोन वर्षं झाली तेव्हा ती एकदा उतरली, घाम पुसला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "एवढ्या किलोमीटरात मी काश्मीरला तीनदा जाऊन आले असते. आणि समोर काय, तर तेच बदामाचं झाड." ती मला कोंडवाडा समजत होती, आणि तिचं चूक नव्हतं. पण मीसुद्धा तिथेच कोंडलेला होतो, हे तिला कोण सांगणार?

तिच्या ऑफिसात रिया नावाची मैत्रीण होती. तिने सांगितलं की भिवंडीत एक सायकल क्लब आहे, दर रविवारी पहाटे निघतात, नवख्यांना शर्यतीसाठी तयार करतात. करिष्मा बापाच्या मागेच लागली. मग एका संध्याकाळी क्लबच्या कॅप्टन वनिताताई स्वतः शेडमध्ये आल्या. त्या दवाखान्यात सिस्टर. आवाज मऊ, पण माघार घेणारा नव्हे.

"काका, हेल्मेटशिवाय आम्ही कुणाला उभं करत नाही," त्या म्हणाल्या. "नवे लोक मधे, जुने पुढे-मागे. खड्डा आला तर पुढचा हात दाखवतो. आधी दोन-तीन रविवार हिला आमच्याबरोबर नुसतं येऊ द्या. मग छोटी चाचणी. सहा किलोमीटर जायचं, रस्त्यात ठेवलेल्या निळ्या पिंपाला वळसा घालायचा आणि सहा किलोमीटर परत. वेळेत आली, तर क्लबची जर्सी."

"ताई, तुमचं बोलणं बराबर हाय," शेठ म्हणाले. "पण कंटेनरला हात दाखवून काय होतंय? मी पन दाखवला होता."

तेवढ्यात करिष्मा माझ्यावर चढली आणि हात सोडून चालवू लागली. ताई बघतच राहिल्या. "काका, एवढी सरळ चालवणारी आमच्यात एकही नाही हो! कुणी शिकवलं?"

शेठचा चेहरा खुलला. माणूस स्तुतीपुढे विरघळतोच. ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मीच बनवून घेतला." मग बराच वेळ किल्लीशी चाळा करत राहिले. शेवटी म्हणाले, "फिरणं-बिरणं न्हाय. एकच रविवार, ती चाचणी. सायकल टेंपोतून नेऊ, टेंपोतून आणू. आणि ऐक गो पोरी, एकदा जरी पडलीस, तरी सायकल भंगारात. मग माझ्याशी हुज्जत घालायची न्हाय."

"कबूल," करिष्मा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मी मात्र त्या पिंपापाशीच अडकलो होतो. निळ्या पिंपाला वळसा! अहो, ही पोरगी वळणार कशी? लहानपणी गल्लीत वळत असेल, पण दोन वर्षं तिच्या हातांनी एकच गोष्ट शिकली होती, आणि ती शिकवणारा मी होतो. हे त्या शेडमध्ये मला एकट्यालाच ठाऊक होतं. सहा दिवस राहिले होते. मी जिवाच्या आकांताने करकरलो. सोमवारी करकरलो, मंगळवारी जास्तच करकरलो. बुधवारी जानू आला आणि माझ्या बेअरिंगात तेल घालून गेला! काय बोलावं? रविवारी पहाटे कुलूप निघालं, सायकल टेंपोत चढली, आणि मी अंधाऱ्या शेडमध्ये तेलाने चोपडलेला, मुकाट पडून राहिलो.

पुढचं मी पाहिलेलं नाही. नंतर शेठनी आणि करिष्माने शेडमध्ये जे बोलून दाखवलं, तेवढंच सांगतो.

गोदामांसाठी नवीन केलेला, अजून वाहनं सुरू न झालेला रस्ता होता. एकेकाला मिनिटाच्या अंतराने सोडत होते. पिंपापाशी उभं राहायला माणूस हवा होता. शेठ म्हणाले, "मी राहतो. चुकून गाडी आली तर आडवा होईन." आणि तो लंगड्या पायाचा माणूस सहा किलोमीटरवर, भर रस्त्यात, निळ्या पिंपाशेजारी हात पसरून उभा राहिला.

करिष्मा आली ती वाऱ्यासारखी. पुढे सोडलेल्या दोघांना तिने गाठलं होतं. पिंप जवळ आलं, तिने वेग कमी केला, आणि तिचे हात गोठले. वळायचं मनात होतं, पण हात ऐकेनात. ती पिंपाला ओलांडून सरळ निघून गेली.

शेठना वाटलं, पोरगी पळाली! पिंजरा उघडला आणि पाखरू उडालं. "करिष्मा! थांब गो!" असं ओरडत ते पाय ओढत तिच्यामागे धावले. पण ती पळाली नव्हती. रस्ता जिथे मातीच्या ढिगाऱ्याशी संपतो, तिथपर्यंत ती गेली, खाली उतरली, सायकल दोन्ही हातांनी उचलली, उलटी फिरवून ठेवली आणि परत निघाली. येताना ती बापाच्या शेजारून गेली. तेव्हा शेठनी तिचं तोंड पाहिलं. पोरगी हमसून हमसून रडत होती, आणि तरीही सायकल रेघ मारल्यासारखी सरळ चालली होती.

ती सगळ्यांत शेवटी पोचली. कुणीतरी फिदीफिदी हसलं, वनिताताईंनी त्याला गप्प केलं.

दुपारी शेडमध्ये आल्यावर करिष्माने सायकल भिंतीला टेकवली आणि म्हणाली, "बाबा, पडले नाही मी. पण तुम्ही द्याच ती भंगारात. मला वळताच येत नाही. मला फक्त इथल्या इथे चालवता येते."

शेठनी माझ्याकडे असं पाहिलं की मला कुठे लपू नि कुठे नको झालं. पण ती नजर माझ्यावर नव्हती, मित्रांनो. ती माझ्यातून आरपार जाऊन त्यांच्या स्वतःवर होती. ते जेवलेही नाहीत. या खेपेला पोरीवर रागावून नव्हे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी जानूकडून मला सांगाड्यासकट दाराजवळ हलवून घेतलं. खाली ओल लागू नये म्हणून दोन सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवलं. मग लंगडत लंगडत रिकाम्या शेडच्या मधोमध गेले, जिथे एके काळी चार लूम खटखटत होते, आणि तिथे उभे राहिले.

"चल," ते करिष्माला म्हणाले. "मी पिंप. माझ्याभोवती वळ."

"बाबा, तुमचा पाय! धडकले तर?"

"धडकलीस तर एक पाय जाईल. तो असाही बिनकामाचा हाय. चढ सायकलवर."

ती चढली. पहिल्याच वळणावर धाडकन पडली. पडल्या पडल्या तिने बापाकडे पाहिलं. तिला ती अट आठवली होती, मलाही आठवली होती. शेठनी मान दुसरीकडे फिरवली.

"मी काय बघितलं न्हाय," ते म्हणाले. "उठ."

त्या संध्याकाळी ती नऊ वेळा पडली आणि शेठनी नऊही वेळा काही बघितलं नाही. चौथ्या दिवशी तिने पहिला पूर्ण वळसा घातला. आठव्या दिवशी ती बापाभोवती गरगर फिरत होती आणि बाप मधे उभा राहून ओरडत होता, "अजून जवळून! घाबरतेस काय?" दारात उभी असलेली द्रौपदी तोंडाला पदर लावून हसत होती, की रडत होती, मला नीटसं कळलं नाही. पुढच्या शनिवारी शेठ कुरकुरत म्हणाले, "शेड लहान पडते." आणि गळ्यातला दोरा काढून किल्ली तिच्या हातावर ठेवली.

आता ती दर रविवारी पहाटे क्लबबरोबर जाते. तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी झाली, त्यात पिंपाला वळसा घालून ती वेळेत आली. जर्सी खिडकीच्या त्याच गजावर वाळत असते. माझ्यावर मात्र कुणी चढत नाही. बुधवारचं ते तेल केव्हाच सुकलं, बेअरिंग गंजून घट्ट बसलं. मी होतो तिथेच आहे. वाईट वाटतं का? वाटतं. खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, ज्याच्यावर जीव आहे त्याला जपा, जरूर जपा. पण जपता जपता त्याला कोंडून घालू नका. मी एका पोरीला दोन वर्षं सरळ चालायला शिकवलं आणि रस्त्यावर तिची फजिती केली. तिच्या बापाने आठ दिवस आपला पाय पणाला लावून तिला वळायला शिकवलं.

जुन्या वस्तूने निरोप घेताना काहीतरी मागावं, अशी रीत आहे. मीही तुमच्याकडे तेलाचे दोन थेंब मागणार होतो. पण सध्या नकोत. कारण दर रविवारी, करिष्मा गेली की शेठ दाराशी येतात आणि माझ्यावर बसतात. बोलत नाहीत, चहाही घेत नाहीत. रस्त्याकडे बघत बसतात, आणि त्यांचा तो डावा पाय थरथरत असतो. ती थरथर मला अंगभर जाणवते. तेल घातलंत तर मी फिरेन, आणि मी फिरलो तर म्हातारा पडेल. तेव्हा पोरगी परत येऊन "बाबा, आले हो!" म्हणेपर्यंत मला असाच घट्ट राहू द्या.