दहा नंबरचा हात

लकव्यानंतर ताठरलेले स्नायू कसे हाताळावेत, हे शिकायला दहा डॉक्टर सहा महिने दर शनिवारी येत होते. आज परीक्षा होती. दहा डॉक्टर, एक पेशंट, एक कोपर. एकेकाने आत जायचं, आजोबांचा उजवा हात झटकन सरळ करायचा, तो वाटेत किती अडतो ते पाहायचं आणि शून्य (मऊ) ते चार (पार ताठ) यांमधला एक आकडा कागदावर लिहायचा. खरा आकडा परीक्षक मॅडमनी सकाळीच हात तपासून पाकिटात बंद केला होता.

दहा नंबरचा उमेदवार गेल्या वर्षी याच आकड्यावर आपटला होता. तेव्हाही यादीत शेवटचाच होता. आज निघताना मुलीने विचारलं होतं, "बाबा, तुम्ही नापास झालात तर प्रगतिपुस्तकावर सही कोणाची आणायची?"

पहिला उमेदवार बाहेर आला तो "तीन! डोळे झाकून तीन!" म्हणतच. पाचवा म्हणाला, "तीनच ना?" नववा बाहेर आला. पाणी प्यायला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

दहा नंबर आत गेला. आजोबा बनियनवर बसले होते, कोट खुर्चीच्या पाठीला. त्याने हात धरला, झटकन ओढला. हात लोण्यातून सुरी फिरावी तसा सरळ झाला. त्याने डावा हात ओढून पाहिला. मग स्वतःचा. मग पुन्हा आजोबांचा उजवा.

"आजोबा, हा हात तुमचाच ना?"

"याच हाताने लग्नात हार घातलाय. माझाच."

"जरा ताठ करा ना."

"मला हवा तसा होत असता तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?"

दहा नंबरला घाम फुटला. आजोबांना दया आली.

"अहो, सकाळी लाकूड होता. तुमच्या नऊ जणांनी ओढून ओढून मऊ केला. दरवर्षी हेच. लिहा लवकर, तासाभरात पुन्हा आखडेल. मला कोटाची बाही स्वतः चढवायचीय. एरवी सून चढवते, तेही फोनवर बोलत."

डोकं म्हणत होतं तीन, हात म्हणत होता एक. तीन लिहिलं तर पास. पण हे सहा महिने तो हाताचं ऐकायलाच तर शिकला होता! त्याने डोळे मिटून 'एक' लिहिलं.

मॅडमनी आत येऊन पाकीट फोडलं. "तीन. याही वर्षी नापास."

"मॅडम, एकदा ओढून बघा."

मॅडमनी ओढला. सरळ. पुन्हा ओढला. आणखी सरळ.

"पुरे हो!" आजोबा ओरडले. "शून्य कराल!"

मॅडम खुर्चीत बसल्या. "अकरा वर्षं शेवटचा नंबर नापास होतोय. आम्हाला वाटायचं, आळशी लोकच उशिरा नाव नोंदवतात." त्यांनी पाकिटातल्या तीनवर काट मारून एक लिहिलं. "तुम्ही पास."

मग आधीच्या नऊ जणांचे कागद त्यांनी चाळले. नऊच्या नऊ तीन, नवव्याचासुद्धा. पेन हवेतच थांबलं.

"मग हे पास की नापास?"

मॅडमनी दहा नंबरकडे पाहिलं. दहा नंबरने आजोबांकडे.

आजोबांनी तोवर बाही चढवली होती.

"पुन्हा पाठवा त्यांना आत," ते म्हणाले. "घरी गेल्यावर कोट काढायचाही आहे."