फळीवरच्या तीन ताटल्या

पाणी ओतताना योरिंडा धार आधी बारीक ठेवते, मग थोडी जाड होऊ देते आणि पेला अर्ध्याच्या वर भरला की मनगट वळवून थांबते. जगच्या चोचीशी एक थेंब लोंबत राहतो. तो पडेपर्यंत ती वाट पाहते. थेंब पडतो, पेल्यातलं पाणी एकदा हलून स्थिर होतं, आणि मगच ती पुढच्या पेल्याकडे वळते. पेले तीन. तिन्हींतली पातळी जवळजवळ सारखी असते. मी पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे नजर आपोआप तिथे जाते. चार वर्षांच्या हाताला हे जमतं याचं मला पूर्वी कौतुक वाटायचं.

घरात मी आणि माझी ही लेक, आम्ही दोघीच आहोत. तिसऱ्या पेल्यातलं पाणी जेवण झालं की ती खिडकीतल्या जिरेनियमला घालते. जिरेनियमची खालची पानं पिवळी पडली आहेत.

ही सगळी पद्धत वेसलची, माझ्या नवऱ्याची. तो देव्हेंटर गावातल्या एका मॉन्टेसरी शाळेत लहान मुलांना शिकवायचा. योरिंडा चालायला लागली तेव्हा त्याने आमची पुढची खोली तिच्या उंचीवर उतरवली. कोटाच्या खुंट्या, छोटा झाडू, सुपली, ताटल्यांची फळी, सगळं तिचा हात पोचेल असं. पेले काचेचेच, प्लॅस्टिक त्याने घरात येऊ दिलं नाही. काच फुटते, आणि फुटली की मुलाला कोणी काही सांगावं लागत नाही, असं तो म्हणायचा. मोठ्यांनी जागा नीट लावून द्यायची आणि मग हात मागे बांधून बघत राहायचं. चूक दाखवायची नाही. ती वस्तूच दाखवते.

मागच्या हिवाळ्यात बर्फावर त्याची सायकल घसरली आणि डोक्याला मार लागला. तेव्हापासून तो नदीपलीकडच्या शुश्रूषागृहात आहे. धरलं तर चालतो, भरवलं तर जेवतो, काही शब्द बोलतो. ते कोणाला उद्देशून असतात ते कळत नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला डॉक्टरबाई म्हणाल्या, आता याहून फार फरक पडणार नाही. घरी न्यायचं असेल तर पलंग, मदतनीस, सगळी सोय होईल. नाहीतर इथेच कायमची खोली मिळेल. तुम्ही ठरवून सांगा.

"सांगते," मी म्हणाले.

आता सप्टेंबर संपत आला होता आणि मी सांगितलेलं नव्हतं. कोणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर तयार असे: योरिंडाने अजून काही विचारलेलं नाही. मुलाच्या मागून चालावं, हेही वेसलचंच म्हणणं. ते ऐकून लोक मान डोलावत. रोज संध्याकाळी ती फळीवरून तीन ताटल्या काढी आणि मी पाहत राही. ती बापाची जागा मांडते आहे, असा मी त्याचा अर्थ लावला होता. ज्या दिवशी ती आपण होऊन दोनच मांडेल, त्या दिवशी ठरवायचं. परीक्षानळीतला रंग बदलायची वाट पाहावी तशी मी वाट पाहत होते. यात मला दुःख होत नव्हतं. काहीच होत नव्हतं.

रविवारी आम्ही त्याला भेटायला गेलो. सासूबाईही आल्या होत्या. घरात सगळे त्यांना ओमा, म्हणजे आजी, म्हणतात, मीही. योरिंडाने घरून बटणांची चौकट आणली होती. लाकडी चौकटीवर फ्लॅनेलचे दोन पदर आणि मधे पाच मोठी बटणं. ती वेसलनेच तिच्यासाठी केली होती. तिने ती त्याच्या मांडीवर ठेवली, एक बटण सावकाश काढून दाखवलं, सावकाश लावलं आणि शेजारी हात मांडीखाली घेऊन बसली.

वेसलने कापड मुठीत धरलं. बराच वेळ धरलं.

"अगं, जरा मदत कर की त्याला," ओमा मला म्हणाल्या आणि स्वतःच वाकून त्यांनी बटण काढून दिलं.

"ओमा, ते त्याचं काम आहे," योरिंडा म्हणाली.

"मी त्याची आई आहे. त्याची बटणं तू जन्मायच्या आधीपासून मी काढत आले आहे."

"म्हणूनच त्याला येत नाही."

ओमा हसल्या. मग हसता हसता खिडकीकडे गेल्या आणि तिथेच पाठ करून उभ्या राहिल्या.

बुधवारी शाळा दुपारपर्यंतच असते. त्या दिवशी मीही रजा घेते आणि ओमा सायकलवरून जेवायला येतात. चौऱ्याहत्तरीतही त्यांना कोणी गाडीतून सोडलेलं चालत नाही. आल्या आल्या त्यांनी कोट काढला आणि खुंटी शोधत खाली वाकल्या.

"या घरात सगळं गुडघ्याशी," त्या म्हणाल्या. "माझी पाठ काही मॉन्टेसरीत गेली नव्हती, पोरी."

"कपाटाच्या दाराला अडकवा ना, ओमा."

"नको. एकदा वाकले आहे, तर काम करूनच उठते."

योरिंडा जेवणाची मांडामांड करत होती. तीन ताटल्या, तीन पेले. ओमांनी वरच्या कपाटातून आपली नेहमीची फुलांची ताटली काढली आणि स्टूल ओढून घेतलं. वेसलच्या खुर्चीत कोणी बसत नाही. मी वाटाण्याचं सूप वाढलं, पाव आणि चीज मधे ठेवलं. रिकाम्या ताटलीत काही वाढलं नाही.

"पाहिलंस?" ओमा हळू आवाजात म्हणाल्या. "लेकरू त्याची जागा राखून आहे. तुझं उत्तर तुझ्या टेबलावर आहे आणि तू कसली वाट पाहतेस?"

मी पाव कापत राहिले.

"पोरीसाठी तुम्ही अख्खी खोली खाली उतरवलीत. माझ्या लेकासाठी एक पलंग मावत नाही इथे?"

"मावतो," मी म्हणाले. "मी मोजून पाहिलं आहे. ही फळी हलवावी लागेल."

"मग?"

ओमांनी चमचा ठेवला आणि योरिंडाकडे वळल्या.

"काय गं राणी, ती ताटली पपाची ना?"

योरिंडाने ताटलीकडे पाहिलं, मग ओमांकडे. "पपाची ताटली नदीपलीकडे आहे. निळी. उंच काठाची."

"मग ही कशाला मांडलीस?"

"फळीवर तीन आहेत."

"आणि दोनच असत्या तर?"

"मग दोन मांडल्या असत्या." तिने पावावर चीज ठेवलं. "ओमा, हे तुला माहीत नाही?"

फळीवर ताटल्या किती ठेवायच्या ते मूल ठरवत नाही. ते मोठ्यांचं काम. तिने तिचं काम रोज बरोबर केलं होतं. मी माझं केलंच नव्हतं, आणि तिच्या हाताकडे बघत बसले होते.

"बरं, पपा इथे राहायला आला तर आवडेल तुला?" ओमांनी विचारलं. त्यांचा आवाज आता जरा वर गेला होता.

योरिंडा चावायची थांबली. ती खरंच विचार करत होती.

"त्याच्या खुर्चीला पट्टा लागतो," ती म्हणाली. "आपल्याकडे पट्टा नाही. पण मी धरून ठेवीन. आणि पाणी मीच पाजणार. तिथल्या बाई घाई करतात, मग त्याच्या गळ्यावर सांडतं. मी हळू पाजीन. मी थांबते."

"बघ!" ओमा म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "बघ, किती माया आहे!"

मी पाहत होते. तिचा हात जगच्या मुठीवर होता. ती खरंच हे करील, हे मला दिसत होतं. सकाळी शाळेआधी, शाळेनंतर, न सांडता, शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबून. या घरात जे तिच्या उंचीवर येतं ते ती आपलं काम समजून पूर्ण करते, आणि ते तिच्या हातून काढून घ्यायचं नसतं. आम्हीच तिला तसं शिकवलं आहे. पलंग आला की वेसलही तिच्या उंचीवर येईल.

मी उठले. रिकामी ताटली आणि तिच्या शेजारचा पेला उचलला. पाणी मोरीत ओतलं. पेला पुसला, ताटली पुसायची गरज नव्हती. दोन्ही वरच्या कपाटात ठेवून दार लावलं.

"ते तिथलं नाही," योरिंडा म्हणाली.

"आता तिथलंच," मी म्हणाले.

ती जरा वेळ रिकाम्या फळीकडे बघत राहिली आणि मग सूप प्यायला लागली. ओमा माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना कळलं होतं, पण त्यांना ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं, आणि तो त्यांचा हक्क होता. मी परत खुर्चीत बसले. माझा आवाज प्रयोगशाळेत आकडे वाचून दाखवताना असतो तसाच निघाला.

"ओमा, वेसल घरी येणार नाही. तो तिथेच राहील."