आल्देरिकोला उठवलं

त्या पाद्रीबाबांना नसती उठाठेव कुणी सांगितली होती? रविवारी प्रवचनात म्हणाले, आपल्या बाहुल्यांच्या खेळातला सरदार आल्देरिको म्हणजे दुसरातिसरा कुणी नाही, ख्रिस्तच. शेवटचं जेवण, एका ताटात जेवणाऱ्या मित्राचाच दगा, कुशीत भाला. सगळं जुळतंय बघा.

जुळतंय हो. पण ख्रिस्त तिसऱ्या दिवशी उठला, आमच्या खेळात आल्देरिको मरतो तो मेलेलाच राहतो. माझ्या सासऱ्यांच्या आधीपासून तसंच चालत आलंय. सरदारांच्या त्या महाकाव्यातला त्याच्या मरणाचा सर्ग लागला की सिसिलीतलं हे आमचं गंधकाच्या खाणीचं गाव काळे कपडे घालून येतं, बाहुलीपुढे मेणबत्त्या लावतं, पोटभर रडतं आणि घरी जातं. दुसऱ्या दिवशी पुढच्या सरदाराची लढाई सुरू.

यंदा आग्रिपिनामावशी घरी जाईना. तिचा एकुलता एक लिबोरिओ जानेवारीत खाण कोसळली तेव्हा आतच राहिला. मालकांनी तोंड बुजवून टाकलं, मेल्यांनी प्रेतसुद्धा काढलं नाही. खेळ संपला तरी ती बाकावरून उठेना. पाद्रीबाबा खोटं कशाला बोलतील, म्हणाली, तिसऱ्या दिवशी उठेल ना हा?

आमचे हे, सारिनो, म्हणजे नुसतं लोणी. मला म्हणाले, उठवतो त्याला. मी म्हटलं, अहो, खेळ आहे तो, भलती दया करू नका. ऐकतील तर शपथ! तिसऱ्या संध्याकाळी यांनी मनाचेच चार शब्द जोडले, बाहुलीची सळई उचलली आणि आल्देरिको चिलखत खडखडवत उभा राहिला. लोकांनी टाळ्यांनी घर डोक्यावर घेतलं. मावशी हसत होती. जानेवारीनंतर पहिल्यांदाच हसली. मलाही वाटलं, माझंच चुकलं, यांचं बरोबर होतं.

सकाळी शेजारीण धापा टाकत आली. मावशी बुजवलेल्या खाणीपाशी जाऊन बसली होती. मांडीवर लिबोरिओचा इस्त्री केलेला सदरा, फडक्यात पाव आणि कांदा. आम्ही दोघं धावत गेलो. हे तिच्यापुढे मटकन बसले. मावशी, तो आपला आपण नाही उठला, मी उठवला, या माझ्या हातांनी, म्हणत यांनी हात पुढे केले.

तिने यांचे दोन्ही हात हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले.

"मग चल ना बाबा," ती म्हणाली, "याला पण उठव."