दोन हातांचा चेंडू

"अहो, नुसता हात वर करून दाखवा. बाकीचं मी बोलते," मुख्य पंचबाई म्हणाल्या.

सुताराने उजवा हात जॅकेटच्या खिशातून काढला नाही. पंचांच्या खोलीला एक लांबलचक काच होती आणि काचेपलीकडे बोलिंगच्या सगळ्या लेन दिसत होत्या. दुपारचा सराव चालला होता. काच जाड होती. पाण्यावरून काहीतरी सरकावं तसे जड चेंडू पॉलिश केलेल्या लाकडावरून जात, टोकाला उभ्या असलेल्या पिना चहूकडे उडत, आणि आवाज म्हणून कसलाच येत नसे. सुतार त्या शांततेकडे बघत राहिला.

"ऐकताय ना? लंबकांनी हरकत घेतलीय, तुमच्याशी खेळणार नाही म्हणतात. बाकीचे खेळाडू त्यांच्याच बाजूचे."

लंबक म्हणजे गेली कित्येक वर्षं ही स्पर्धा गाजवणारा माणूस. खांद्यापासून हात असा सुटायचा, की घड्याळाचा लंबकच. मागे, पुढे, आणि चेंडू गेला. लोक त्याला तोंडावरसुद्धा लंबकच म्हणत आणि त्याला ते आवडे.

"त्यांचं म्हणणं काय?" सुताराने विचारलं.

"दोन हातांनी चेंडू टाकणं म्हणजे पोरखेळ. शिवाय दोन हातांनी फिरकी जास्त मिळते, चेंडू जास्त वळतो, म्हणजे ही लबाडीच. व्यावसायिक स्पर्धेत असलं चालायला नको."

"आणि नियम काय म्हणतो?"

"नियमात हात किती लावायचे ते लिहिलेलंच नाही. कुणी दोन लावेल असं लिहिणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नसणार." पंचबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "हे बघा, उद्या तुमचा सामना त्यांच्याशीच आहे. तुम्हाला अंगठा नाही, हे मी परवा तुम्ही ओळखपत्र घेताना पाहिलं. त्यांना कुणालाच ते माहीत नाही. कळलं तर चकार शब्द काढणार नाहीत. उलट उभं राहून टाळ्या वाजवतील."

"तेच नकोय, बाई."

"म्हणजे?"

"मग ते म्हणतील, बिचारा आहे, खेळू द्या. मला खेळू द्या, पण बिचारा म्हणून नको. नियमात बसतंय ना? मग नियमानं खेळू द्या."

पंचबाईंनी हरकतीचा कागद घडी घालून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "बरं. लंबकांना सांगते, खेळायचं नसेल तर सामना तुम्हाला देऊन टाकू. ते तर त्यांना मुळीच झेपायचं नाही."

अंगठा गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. फर्निचरच्या कारखान्यात कापायच्या मशीनवर फळी सरकवताना लाकडातली गाठ आडवी आली, फळी उसळली आणि हात पुढे गेला. दुखलं ते नंतर. आधी त्याला फक्त भुशाचा वास आला, रोजचाच, गोडसर.

त्याआधी तो बरा खेळायचा. शनिवारी कारखान्याच्या संघातून, मेहुण्याच्या जोडीने. दोन बोटं आणि अंगठा चेंडूच्या भोकांत घालून, एका हाताने, सगळे खेळतात तसं. हॉस्पिटलातून आल्यावर त्याने पहिल्यांदा थट्टा केली ती मेहुण्यापाशी. "नशिबानं अंगठा दाखवला रे. तोही माझाच." मेहुणा हसता हसता रडायला लागला. त्याला गप्प करायचं काम शेवटी सुतारावरच आलं.

कारखान्याने त्याला पॉलिशच्या विभागात टाकलं. फडक्याने लाकूड घासायला अंगठ्याचं फारसं अडत नाही. संध्याकाळी तो घरी येऊन पायरीवर बसे. झोपेत मात्र अंगठा जागेवर असे. स्वप्नात तो चेंडू सोडायचा, आणि चेंडू जातच राहायचा. लेन संपतच नसे. दोन्ही बाजूंना लोक बसलेले असत आणि कुणी काही बोलत नसे. सकाळी जाग आल्यावर तो आधी हात उशीखालून काढायचा, मग डोळे उघडायचा.

अशाच एका सकाळी बायको अंगण धूत होती. ती हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला, त्यामुळे पाण्याशी तिचं वागणं जरा हुकमतीचंच. तिने भरलेली बादली उचलली, एक हात कडीला, एक हात बुडाला, कंबरेतून वळली आणि पाणी फेकलं. पाणी सरळ गेलं नाही. हवेत चकाकत वळलं आणि नेमकं पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन फुटलं.

"परत कर," सुतार म्हणाला.

"काय परत कर? अंगण धुऊन झालं की."

"अगं, परत फेक ना एकदा."

तिने त्याच्याकडे पाहिलं. कितीतरी महिन्यांनी तो काहीतरी मागत होता. तिने पुन्हा बादली भरली, पुन्हा फेकली. मग तिसरी. शेजारीण खिडकीतून म्हणाली, "काय गं, आग लागलीय का कुठं?"

"लागलीय बहुतेक," बायको म्हणाली आणि चौथी बादली भरायला गेली.

त्या शनिवारी सुताराने चेंडू बादलीसारखा धरला. दोन बोटं भोकांत, डावा तळवा चेंडूखाली, अंगठ्याचं काही कामच नाही. सुरुवातीला चेंडू शेजारच्या लेनमध्ये गेला. एकदा तोच चेंडूबरोबर घसरत गेला. लोकांनी फार मजा केली. "भोपळा आणलायस का रे?" "बाळाला नीट झोपव हं, उठेल!" मेहुणा भांडायला उठायचा, सुतार त्याला खाली बसवायचा. पण हळूहळू चेंडू ऐकायला लागला. तेलकट लाकडावरून तो कडेकडेने निघायचा, आता पडणार असं वाटेपर्यंत तसाच जायचा, आणि मग आठवण झाल्यासारखा आत वळायचा. पिनांवर असा आदळायचा की टिंगल करणारेही क्षणभर गप्प व्हायचे.

त्यातून तो पुढच्या गटात गेला, तिथून पात्रता फेरीत, आणि तिथून इथे. त्याचा हात कुणाच्या लक्षात आला नाही. चेंडू हातात असेपर्यंत दुसरा हात त्यावर असायचा, आणि सुटल्यावर सगळे चेंडूकडे बघायचे.

दुसऱ्या दिवशी लंबक आला. खेळणार नाही असं म्हटलेला माणूस सगळ्यांच्या आधी येऊन बूट बांधत बसला होता. त्याने सुताराकडे पाहिलंही नाही. बायको आणि मेहुणा वरच्या रांगेत बसले. मेहुण्याने नवा शर्ट घातला होता आणि तो त्याला गळ्याशी आवळत होता.

सामना सुरू झाल्यावर सुताराला लोक दिसेनासे झाले. दिवे लाकडावर पसरून लेनभर एक फिकट नदी झाली होती. लंबकाचा हात मागे जाई, पुढे येई, आणि त्यात इतकी शांतता होती की सुतार आपली पाळी विसरून बघत राही. असं आपणही कधीतरी टाकायचो, त्याच्या मनात आलं. दुःख नव्हतं झालं. आपलं जुनं घर रस्त्यावरून जाताना दिसावं, आणि त्यात दुसरं कुणी नीट राहत असावं, तसं वाटलं.

मग त्याची पाळी येई. तो वाकून, चेंडू दोन्ही हातांत घेऊन धावे. पहिल्यांदा कुणीतरी मागून शिट्टी मारली. दुसऱ्यांदा त्याने एकाच चेंडूत सगळ्या पिना पाडल्या तेव्हा शिट्टी आली नाही. अर्धा सामना झाल्यावर लंबक पाणी प्यायचा थांबला आणि उभा राहून बघायला लागला.

शेवटच्या चेंडूवर सामना अडला. सुताराला सगळ्या पिना पाडायला हव्या होत्या. त्याने चेंडू सोडला तेव्हाच त्याला कळलं की चांगला सुटलाय. चेंडू कडेने गेला, वळला, आणि पिना अशा उडाल्या की सभागृह उभं राहिलं. एक पिन मात्र कोपऱ्यात डुलत राहिली. डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली. पिन सावरली आणि उभी राहिली.

लंबक जिंकला होता. तो हात पुढे करून आला. सुताराने डावा हात पुढे करायचा विचार केला, मग उजवाच केला. लंबकाची पकड जिथे अंगठा शोधत होती तिथे काही नव्हतं. त्याने खाली पाहिलं, पण हात सोडला नाही.

"हे आधी का नाही सांगितलं?" तो अगदी हळू म्हणाला.

"तुमची हरकत हात दोन आहेत याला होती," सुतार म्हणाला. "ते दोन आहेतच."

निवेदक माइक घेऊन धावत आला. "काय सांगाल? दोन हातांची ही पद्धत व्यावसायिक खेळात टिकेल?"

आता हा अंगठ्याचं सांगणार, असं सुताराला वाटलं. लंबकाने त्याचा हात अजून आपल्या हातात झाकून धरला होता.

"तो त्याच्या पद्धतीनं खेळला, मी माझ्या," लंबक म्हणाला. "आज मी वाचलो. हरकत मी मागे घेतोय. असे अजून येतील, बघाच तुम्ही."

वरच्या रांगेत मेहुण्याने शर्टाचं बटण अखेर तोडलं. घरी जाताना बायको एवढंच म्हणाली, "ती शेवटची पिन फार निर्लज्ज होती हो."

त्यानंतर सुतार एक-दोन स्पर्धा खेळला. मग गुडघा बोलायला लागला, मग कारखान्यातून निवृत्ती आली. लंबकाचं म्हणणं खरं झालं. दोन हातांनी खेळणारे आधी एक-दोन आले, मग दर स्पर्धेत दिसू लागले, मग जिंकू लागले. त्यांना कुणी पोरखेळ म्हणेना. तो एक सामना मात्र कुणाच्या लक्षात राहिला नाही. सुताराचीही त्याबद्दल तक्रार नव्हती.

एकदा तो मेहुण्याच्या खेळायच्या बुटांचे तळ बदलून आणायला बोलिंगच्या सामानाच्या दुकानात गेला. काउंटरवर एक मुलगी नव्या चेंडूला भोकं पाडून घेत होती. भिंतीवरच्या पोस्टरमध्ये तीच होती, हातात करंडक घेऊन.

"दोन बोटांचं माप घेतलं. अंगठ्याचं भोक?" दुकानदाराने विचारलं.

"छे, ते कशाला?" ती हसली.

मशीन थांबलं. दुकानदाराने चेंडू पुसून तिच्या हातात दिला. तिने तो तिथेच तोलून पाहिला. तिचा अंगठा चेंडूच्या बाहेर, मोकळा, सरळ उभा होता. सुतार त्याच्याकडे बघत राहिला. किती सुंदर असतो अंगठा, त्याला वाटलं.

इतक्यात तिचा फोन वाजला. तिने इकडेतिकडे पाहिलं.

"काका, जरा धरता का? आलेच मी."

"दे की," सुतार म्हणाला.

त्याने दोन्ही हात पुढे केले. चेंडू गार होता, जड होता, फक्त भोकं पाडलेल्या बाजूला अजून थोडा कोमट होता. मुलगी दाराबाहेर उभी राहून कुणाशी तरी हसत बोलत होती. दुकानदाराने स्टूल पुढे सरकवलं. सुतार बसला नाही. चेंडू पोटाशी धरून तो तसाच उभा राहिला, ती येईपर्यंत.